आपलं नाव आपण सांगायचं

ही रात्रीची गोष्ट नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. भर दुपारी घडलं. बाहेर इतका उजेड होता की डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

आणि घडलं ते माझ्यासमोर. कुणाच्या मामेभावाच्या मित्राचं ऐकून सांगत नाहीये. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मला कुणाला पटवायचं नाही. पण हे पोटात ठेवून ठेवून आता माझाच जीव गुदमरायला लागलाय.

माझं नाव सोल्वेग. विनिपेग तळ्याच्या काठी आमचं घर. नावाला तळं, पलीकडचा काठ दिसत नाही. आमचे पूर्वज आइसलँडहून येऊन इथे टेकले आणि मासे धरत राहिले. माझ्या सासऱ्यांचं नाव हालूर. सगळा गाव त्यांना अफी म्हणायचा, म्हणजे आजोबा. मीही अफीच म्हणायचे. नवरा कारी. एकुलता एक, म्हणून अफींच्या काळजाचा तुकडा. तोंडावर मात्र त्याला कायम "गाढवा" म्हणायचे.

जानेवारी महिना होता. साल एकोणीसशे त्र्याण्णव.

तळं गोठलं की आमचा हंगाम. बर्फाला एकमेकांपासून लांब दोन भोकं पाडायची, खालून जाळं एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत ताणायचं आणि दोन-तीन दिवसांनी उपसायचं. एक जण पलीकडच्या भोकाशी दोर सोडत उभा राहतो. बाकीचे अलीकडे जाळं ओढून मासे सोडवतात. मग पलीकडचा दोर ओढतो आणि जाळं परत बर्फाखाली जातं. जवळच आमची लाकडी खोपी असते. तिला खालून घसरपट्ट्या, आत लोखंडी शेगडी. गाडीला बांधून ओढत न्यायची, जिथे जाळी तिथे खोपी.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. अफी, कारी, मी आणि क्लिफर्ड मॉनक्मन. क्लिफर्ड आमच्याकडे कामाला होता. हाताचा पक्का, तोंडाचा फाटका.

अफींची कंबर धरली होती. ते खोपीत कॉफी उकळत बसले.

"तुम्ही उरका तेवढं," म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला शेगडीपाशी बसायचा हक्क आहे."

"अफी, तुम्ही चाळिशीतसुद्धा हेच म्हणायचात," क्लिफर्ड म्हणाला. "माझा बाप सांगतो ना."

"तुझा बाप काम करत होता का कधी, ते विचार त्याला."

कारी हसत हसत पलीकडच्या भोकाकडे निघाला. जाता जाता मला म्हणाला, "सोल्वेग, मी आल्याशिवाय केकचा डबा उघडायचा नाही. या क्लिफर्डच्या हाती लागला तर मला डबाच चाटावा लागेल."

"जा रे, खादाड," मी म्हटलं.

घरी आमची पोर होती, बिर्ना. सहा महिन्यांची. माझ्या आईकडे ठेवून आले होते. मला एकच घाई होती, जाळं उपसायचं आणि घर गाठायचं.

जाळं अर्धं वर आलं असेल... आणि वारा फिरला.

आमच्याकडे वाऱ्याला कुणी भीत नाही. भीती असते ती पडलेला बर्फ उठण्याची. वारा त्याला जमिनीवरून उचलतो आणि वर-खाली सगळं एकच होऊन जातं. हात लांब केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. अशा वेळी माणूस दहा पावलांवरच्या खोपीला बगल देऊन निघून जातो आणि वसंतात बर्फ वितळल्यावर सापडतो.

क्लिफर्डनं माझ्या दंडाला धरलं. "चल. सोड ते जाळं."

"आणि कारी?"

"तो काय कुकुलं बाळ आहे? येईल आवाजावर."

आम्ही एकमेकांना धरून खोपीत शिरलो. जवळच होती, म्हणून सापडली. अफींनी आधीच पत्र्याचं घमेलं आणि हातोडी काढून ठेवली होती.

इथे आमची रीत सांगायला हवी.

बाहेर काही दिसेनासं झालं की खोपीतल्यानं घमेलं बडवायचं. बाहेरचा आवाजाच्या मागे चालत येतो. शेवटचा माणूस आत येईपर्यंत बडवणं थांबवायचं नाही. हात मोडला तरी नाही. आणि आत येणाऱ्यानं दारातच आपलं नाव सांगायचं. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आतल्यांनी फक्त "कोण?" एवढंच विचारायचं. त्याचं नाव आपण घ्यायचं नाही.

कारण सगळे सारखेच दिसतात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, तोंडावर टोपी ओढलेली, दाढीला बर्फ. आणि थंडीनं बधिर झालेला माणूस तुम्ही म्हणाल त्या नावाला हो म्हणतो. अफींच्या वडिलांच्या काळात असं झालं होतं. एकाला दुसरा समजले, सगळे आले म्हणून घमेलं ठेवून दिलं. जो खरंच बाहेर होता तो बाहेरच राहिला. तेव्हापासून ही रीत. अफी गावातल्या प्रत्येक पोराकडून ती घोकून घेत. माझ्याकडूनही लग्नाच्या आठवड्यातच घोकून घेतली होती.

मी घमेलं घेतलं आणि बडवायला लागले.

ठण... ठण... ठण...

क्लिफर्ड नाव सांगून आत आला होता. मीही. राहिला एकटा कारी.

अफी दार किलकिलं करून उभे. बाहेर नुसतं पांढरं. त्यातून वाऱ्याचा आवाज, दुसरं काही नाही.

"येतोय," अफी म्हणाले. "इतक्यात येईल."

ठण... ठण...

मग मला ते ऐकू आलं.

घमेल्यावर घाव घातला की पायाखालून एक ठोका... ढब.

मी एक घाव घातला. एक ठोका.

मी हात थांबवला. काहीच नाही.

पुन्हा घाव. पुन्हा... ढब. बर्फाच्या खालून. खोपीपासून लांब, कारी गेला त्या दिशेला.

"बर्फ तडकतोय," क्लिफर्ड म्हणाला. बर्फ तडकतो हे मलाही माहीत आहे. जन्म गेलाय माझा त्यावर. पण तडकणारा बर्फ कुणाची वाट बघत नाही. हा माझ्या हाताची वाट बघत होता.

मी क्लिफर्डकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. हा माणूस मयताच्या घरीसुद्धा विनोद करायचा, तो नुसता आपल्या बुटांकडे बघत होता.

"अफी, तो भोकात तर पडला नसेल?" मी विचारलं.

"बडव तू. बोलू नकोस."

मी बडवत राहिले. खांद्यातून कळा येत होत्या. खालचा ठोका येत होता... पण सावकाश. दोन घावांना एक. मग तीन घावांना एक.

"मी दोर बांधून जातो," क्लिफर्ड उठला.

तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं.

पावलांचा आवाज आला नाही. एवढ्या कोरड्या बर्फावर बूट करकरतात, वारा असला तरी जवळ आल्यावर कळतं. काहीच कळलं नाही. आधी तिथे पांढरं होतं आणि मग तिथे एक माणूस होता. कारीइतकाच उंच. तसाच थोडा डावीकडे झुकलेला. तोंड टोपीच्या आत.

माझ्या छातीत धस्स झालं. आनंदानंच झालं, खोटं का सांगू?

"कोण?" अफींनी विचारलं.

तो काही बोलला नाही.

"कोण आहे?"

तो नुसता उभा. उंबऱ्याच्या बाहेर. आत येईना आणि मागेही जाईना. मी घाव घालतच होते, आणि लांबून... खालून... ढब.

दोन्ही एकाच वेळी. हे लक्षात घ्या. दारात तो उभा होता आणि बर्फाखालचा ठोकाही येत होता.

क्लिफर्ड पुटपुटला, "अफी, सांगू दे त्याला. तुम्ही नाव घेऊ नका."

अफींना काय कळत नव्हतं? त्यांनीच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. दारात हात आडवा धरून उभे होते ते. बर्फाचे कण तोंडावर आदळत होते. बाप होता हो तो. समोर लेकाच्या उंचीचा माणूस थंडीत उभा आणि आपण त्याला आत घ्यायचं नाही... किती वेळ धीर धरणार?

"कारी?" अफी म्हणाले. "कारीच ना रे तू? बाळा?"

टोपीच्या आतून उत्तर आलं.

"हो. कारी."

आवाज त्याचाच. अगदी त्याचाच.

अफींनी त्याला आत ओढलं, छातीशी धरलं, पाठीवर बुक्के मारले. "गाढवा, गाढवा," म्हणत रडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं. आले सगळे. थांबव."

माझा हात थांबेना.

"थांबव, पोरी." त्यांनी घमेलं माझ्याकडून काढून घेतलं.

खोपी एकदम शांत झाली. शेगडीतलं लाकूड जळण्याचा आवाज तेवढा.

आणि खालून... ढब.

मग बऱ्याच वेळानं... ढब. पहिल्यापेक्षा लांब. त्याला आता दिशा सापडत नव्हती.

मग काही नाही.

मी कारीजवळ गेले. टोपी काढली. त्याचाच चेहरा. भुवईवरचा व्रण, पुढचा वाकडा दात. मी त्याला घट्ट मिठी मारली आणि तो मला म्हणाला, "सोल्वेग, रडतेस काय? केक कुठाय?"

मी हसले. खूप हसले. आणि हसता हसता त्याच्या बाह्यांवर माझे हात गेले.

जाळ्याचा ओला दोर हाताळणाऱ्याच्या बाह्या काही वेळात बर्फानं कडक होतात. घरी आल्यावर चुलीपाशी उभं राहून वितळवाव्या लागतात. माझ्या स्वतःच्या तशाच होत्या, कोपरापर्यंत.

त्याच्या मऊ होत्या. कोरड्या ठणठणीत.

मी अफींकडे पाहिलं. ते मांडीवर घमेलं घेऊन बसले होते आणि खाली जमिनीकडे बघत होते. त्यांनीही ऐकलं होतं तर.

कारीनं केक खाल्ला, कॉफी प्यायला. वारा पडल्यावर आम्ही घरी आलो. त्यानं बिर्नाला उचललं, ती त्याच्याकडे बघून हसली. मी म्हटलं, सोल्वेग, तुझं डोकं फिरलंय. पोरीला बाप कळतो.

दोन दिवसांनी क्लिफर्ड आणि मी जाळं काढायला गेलो. कारीला मी मुद्दाम घरी ठेवलं. पलीकडचं भोक गोठून बंद झालं होतं, कडेला त्याची पहार उभी होती. आम्ही अलीकडून ओढायला लागलो. जड होतं. फार जड. क्लिफर्डच्या मानेच्या शिरा फुगल्या. आणि एकदम... हलकं झालं. दोघंही पाठीवर पडलो.

जाळं वर आलं, त्यात एकही मासा नव्हता. मधोमध मोठं भगदाड होतं.

क्लिफर्ड उठला, हातमोजे झटकले. "वहिनी, मी उद्यापासून येत नाही," म्हणाला. "हिशेबाचं राहू दे. काही विचारू पण नको." तो कधी मला वहिनी म्हणाला नव्हता. नंतर त्यानं दक्षिणेला लाकडाच्या गिरणीत नोकरी धरली. वाटेत भेटला की मान हलवतो आणि रस्ता बदलतो.

अफी त्यानंतर तळ्यावर गेले नाहीत. दोन वर्षांत वारलेच. शेवटच्या आजारपणात मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा माझं मनगट धरून म्हणाले, "पोरी, मी घाई केली."

"असं काही नाही, अफी. तुमचा लेक बाहेर अंगणात लाकडं फोडतोय. ऐका."

त्यांनी ऐकलं. कुऱ्हाडीचा आवाज येत होता. म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता तुम्ही विचाराल, नवरा कसा आहे?

चांगला आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण चांगला आहे. तसाच घोरतो, तसाच पत्त्यांत लबाडी करतो. माझ्या आईला तसाच चिडवतो. मी आजारी पडले की रात्रभर जागतो. तिशी-चाळिशीत माझ्या मैत्रिणी नवऱ्यांच्या तक्रारी सांगायच्या, मला सांगायला काही नसायचं.

फक्त एक.

तो आपलं नाव सांगत नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते फोनवर. पलीकडून कुणी विचारलं, कोण बोलतंय? तर हा म्हणाला, "सोल्वेगचा नवरा." मासे घेणाऱ्या गोदामात नवा कारकून आला, त्यानं नाव विचारलं, तर यानं परवान्याचं कार्ड पुढे केलं. शाळेत बिर्नाच्या बाईंना म्हणाला, "बिर्नाचा बाबा." तुम्ही "कारी का?" म्हणालात तर लगेच "हो, कारी" म्हणतो. आधी तुम्ही म्हणायला हवं.

मी एकदा सकाळी कॉफी ओतताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं नाव काय रे?"

"घ्या. आता नवऱ्याचं नावही विसरली," तो हसला.

"सांग ना. गंमत."

तो हसतच राहिला. पण डोळे हसत नव्हते. त्यानं तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं. एखादा शब्द जिभेवर येतच नाही, तसं. घामानं त्याचं कपाळ भिजलं. शेवटी माझ्याकडे असं काही बघितलं त्यानं, की मलाच राहवेना.

"कारी," मी म्हटलं.

"हो. कारी." आणि सुटका झाल्यासारखा श्वास सोडला.

परत कधी विचारलं नाही मी.

आमचा धाकटा त्या हिवाळ्यानंतरचा. तो बोलायला लागला आणि पाहुण्यांनी विचारल्यावर चटकन आपलं नाव सांगून मोकळा झाला, तेव्हा मी आत जाऊन खूप रडले. बाकीच्यांना वाटलं, कौतुकानं रडतेय.

इतकी वर्षं असंच चाललं. चालवलं मी. काय करणार होते? कुणाला सांगणार होते? आणि सांगून घालवणार कुणाला?

मागच्या फेब्रुवारीत आम्ही दोघंच तळ्यावर होतो. पोरं आपापल्या शहरांत. हल्ली सगळ्यांकडे वाट दाखवणारी यंत्रं आहेत, घमेलं कुणी बडवत नाही. आमच्या खोपीत ते अजून टांगलेलं आहे, एवढंच.

दुपारी वारा फिरला. सगळं पांढरं झालं. आम्ही वेळेत आत आलो होतो. तो शेगडीपाशी, मी दाराजवळ मोजे वाळत घालत होते.

आणि बाहेरून कुणीतरी बोललं.

अगदी दाराशी. थकलेला, घोगरा आवाज. फार चालून आलेल्या माणसाचा असतो तसा. कुणी विचारलं नव्हतं, तरी रीतीप्रमाणे बोलला.

"कारी. कारी आलोय."

माझ्या हातातला मोजा पडला.

मी शेगडीकडे पाहिलं. तो बसला होता. त्यानंही ऐकलं होतं. चेहरा पांढराफटक. माझ्याकडेच बघत होता. "जाऊ नकोस" असं म्हणाला नाही. नुसता बघत राहिला.

मी दार उघडलं.

कुणी नव्हतं. नुसतं पांढरं, आणि वारा. उंबऱ्यावर पाऊल नाही, काही नाही. मी ओरडले, "इकडे. इकडे ये." माझाच आवाज मला ऐकू येईना. आणि लांबून, बऱ्याच लांबून, पुन्हा तेच... "कारी आलोय..." आता ते उलट्या दिशेला चाललं होतं. त्याला खोपी दिसली नव्हती. दारापर्यंत येऊन बगल देऊन गेला.

मी खुंटीवरचं घमेलं ओढलं आणि बडवायला लागले.

ठण. ठण. ठण.

किती वेळ बडवलं, मला माहीत नाही. रडत होते, शिव्या देत होते, कुणाला ते माहीत नाही. साठीला आलेय मी, हाताला आता पूर्वीचं बळ नाही. खांदा भरून आला. हातोडी गळून पडायला लागली.

तेव्हा तो उठला.

माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी वळले नाही. मला वाटलं, आता हा घमेलं काढून घेणार. अफींसारखा म्हणणार, आले सगळे, थांबव.

त्यानं माझ्या हातातून हातोडी घेतली. मला बाजूला शेगडीपाशी बसवलं. आणि दारात उभा राहून तो स्वतः बडवायला लागला. जीव खाऊन बडवत होता. बर्फाचे कण आत येत होते, त्याच्या गालांवर पाणी वाहत होतं आणि तिथेच गोठत होतं. उजेड मावळेपर्यंत त्यानं हात थांबवला नाही.

कुणी आलं नाही.

वारा पडल्यावर त्यानं घमेलं खुंटीला टांगलं आणि माझे बूट माझ्यापुढे आणून ठेवले. मी ते घातले आणि आम्ही घरी आलो.

आता तो खाली स्वयंपाकघरात मासे तळतोय. मघाशी हाक मारली, "सोल्वेग, जेवायला ये." हंगाम सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत. जायचं की नाही, तो विचारत नाही. खोपीच्या घसरपट्ट्यांना मात्र त्यानं काल मेण लावून ठेवलंय.